कर्दळीच्या वाफ्यातलं देवगांडूळ

सोमवारी दुपारी सव्वाबाराला मी प्रयोगशाळेत बावीस मुलांपुढे उभी राहून, बेडूक फुप्फुसांबरोबर कातडीनंही श्वास घेतो आणि म्हणून त्याची कातडी ओली असावी लागते, हे तिसऱ्यांदा सांगत होते. तेवढ्यात खिशातला फोन चार वेळा थरथरला. एकदा थरथरला तर दुर्लक्ष करता येतं. चार वेळा म्हणजे पाळणाघर.

पाळणाघराच्या पालकांच्या ग्रुपवर एक फोटो होता. खाली लिहिलं होतं, "अंगणात साप!!!"

फोटो हललेला. फरशीवर काळपट, चकचकीत, करंगळीएवढ्या जाडीचं काहीतरी. एक टोक कुंडीच्या मागे, दुसरं कोणाच्या तरी अंगठ्यामुळे झाकलेलं. आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर एक गुलाबी चप्पल. ती चप्पल मी ओळखते. तिचा तुटलेला बंद मीच शिवलाय.

मुलांना म्हटलं, "आकृत्या काढा," आणि खिडकीशी जाऊन फोटो मोठा केला. एवढा मोठा केला की नुसते चौकोन दिसायला लागले. पण त्या आधी अंगावरची वळी दिसली होती. बांगड्या एकाला एक लावून ठेवाव्यात तशी. खवले नव्हते. निदान मला दिसले नाहीत. भीती जरा ओसरली आणि तिची जागा शहाणपणानं घेतली. मी ग्रुपवर लिहिलं, "हा साप नाही. हे देवगांडूळ आहे. बेडकाच्या नात्यातला, पाय नसलेला, मातीच्या आत राहणारा प्राणी. विषारी नाही. मी प्राणिशास्त्र शिकवते."

शेवटचं वाक्य लिहायला नको होतं.

जुळ्यांच्या आईचं उत्तर मिनिटाच्या आत आलं. "छान. शनिवारी सगळे पालक भेटतोच आहोत. तेव्हा दाखवा. जिवंत."

मी अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. तो अंगठा मला पुढचे पाच दिवस छळणार होता.

आमच्याकडे मदतीला कोणी नाही. मी, हा आणि अडीच वर्षांची टिल्ली. हे तिचं तिसरं पाळणाघर. पहिल्यात ती रडून रडून तापली. दुसऱ्यात सगळ्या मुलांची नाकं एकाच टॉवेलनं पुसताना मी पाहिलं आणि त्याच पावली तिला उचलून आणलं. इथे सतरा दिवस रडली. अठराव्या दिवशी माझ्याकडे न बघता आत गेली, तेव्हा रडायची पाळी माझी होती. मला नोकरीवर रुजू होऊन जेमतेम सहा आठवडे झालेत. हे पाळणाघर गेलं तर चौथं शोधायला ना वेळ आहे ना टिल्लीच्यात जीव. म्हणजे नोकरी गेली.

आणि ते जायच्या बेतात होतं. पालकांपैकी निम्म्यांचं म्हणणं, सगळं अंगण सिमेंटनं बंद करा. पाळणाघर चालवणाऱ्या ताई त्याला तयार नाहीत. संध्याकाळी टिल्लीला घ्यायला गेले तर दारातच म्हणाल्या, "एकोणीस वर्षं पोरं सांभाळतेय. माती नको असेल तर मुलं चार भिंतींत कोंडू का? त्यापेक्षा मी पाळणाघरच बंद करते. शनिवारी बघू, किती जण माझ्यावर विश्वास ठेवतात ते."

"मी दाखवते ना ताई सगळ्यांना. नक्की दाखवते."

"तुम्ही पाहिलंय कधी ते?"

"बरणीत," मी म्हटलं.

ताई हसल्या नाहीत, पण हसू आवरलेलं दिसलं. माझ्याबद्दल त्यांचं मत काय आहे ते मला माहीत होतं. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना मुलांच्या हातांवरच्या जंतूंवर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं होतं आणि जंतुनाशकाचा पाच लिटरचा कॅन स्वतः आणून मोरीत ठेवला होता. एका बादलीला एक झाकण. खेळून आल्यावर, जेवायच्या आधी, झोपून उठल्यावर. टिल्लीला जवळ घेतलं की तिच्या तळव्यांना तो स्वच्छ, दवाखान्याचा वास यायचा आणि मला गाढ बरं वाटायचं. ताई म्हणायच्या, "तुम्ही आल्यापासून पाळणाघराचं इस्पितळ झालंय." म्हणायच्या, पण झाकण ओतायच्या.

मोरीचं पाणी एका वाकड्या पाइपानं अंगणातल्या कर्दळीच्या वाफ्यात जातं. तिथली माती बारा महिने ओली, काळी, कुजलेल्या पानांनी भुसभुशीत झालेली. देवगांडुळाला हवी तशी. ते ओढ्याकाठी सापडतं, सडक्या ओंडक्याखाली, जुन्या पालापाचोळ्यात. कुठेही असो, ओल हवी आणि वरून कोणी त्रास द्यायला नको. एवढीच त्याची मागणी. वाचून वाटलं, किती समजूतदार प्राणी.

मंगळवारी सकाळी आठ वाजता मी खुरपं घेऊन वाफ्यात बसले.

खणायची एक पद्धत असते. खुरपं उभं मारायचं नाही, नाहीतर ज्याला शोधतोय त्याचेच दोन तुकडे होतात. आडवं सरकवायचं, मातीची चपाती उचलल्यासारखी उचलायची आणि बोटांनी कुस्करून बघायची. चाळीस मिनिटांत मला अकरा गांडुळं, एक गोम, एक निळा खेळण्यातला हत्ती आणि कोणाचा तरी मोजा मिळाला. मातीलाही तोच स्वच्छ वास येत होता. तेवढंच मनाला बरं वाटलं.

मोठी मुलं कठड्याशी रांगेत उभी राहून बघत होती. "मावशी, साप मिळाला?" "मावशी, माझा मोजा!" जुळ्यांची आई मुलांना सोडायला आली होती. बुटांच्या टोकांवर उभी राहून, लांबूनच म्हणाली, "मिळालं का हो तुमचं ते?"

"सकाळी जरा खोल असतं."

"अच्छा. मग फोटो काढला तेव्हा काय, फिरायला आलं होतं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. राग आला म्हणून तो मी मनावर घेतला नाही. इथेच माझी चूक झाली.

दुपारी माझ्या जुन्या सरांना फोटो पाठवला. ते निवृत्त झालेत, पण अशा प्राण्यांसाठी अजून जागतात. त्यांचा फोन आला. "अगं, असू शकतं देवगांडूळ. पण वाळाही असू शकतो. टोक दिसत नाही, तोंड दिसत नाही. मी कशाच्या जोरावर सांगू? नमुना आण."

"सर, वाळा म्हणजे सापच ना?"

"साप. बिनविषारी, पण साप. आणि तिसरंच काही असेल तर ते मला या फोटोवरून दिसत नाहीये. तू ठाम सांगून बसलीस का कोणाला?"

मी म्हटलं, "नाही हो."

मग विभागप्रमुखांकडे गेले. आमच्या संग्रहालयात देवगांडुळाची बरणी आहे. चार दिवसांसाठी मागितली. ते म्हणाले, "नमुने इमारतीबाहेर जात नाहीत. अर्ज करा, समितीपुढे ठेवू." समिती दोन महिन्यांनी बसते. तशीही त्या बरणीतली वस्तू इतक्या वर्षांत पांढरीफटक पडून शिजलेल्या शेवयांसारखी झालीय. ती दाखवून मी कोणाची खात्री पटवणार होते?

बुधवारी सकाळी टिल्लीला चप्पल घालताना माझे हात थांबले. *तिसरंच काही असेल तर.* मी ताईंना कळवलं, "टिल्लीला थोडा खोकला आहे, आज घरीच ठेवते."

हा दाढी करता करता बाहेर आला. अर्ध्या गालाला फेस. "कुठाय खोकला?"

"रात्री एकदा खोकली."

"तू चूळ भरायला लावलीस, पाणी नाकात गेलं, म्हणून. हे बघ, मी रजा टाकतो, त्याचं काही नाही. पण म्हणजे इतरांची पोरं त्या अंगणात सुरक्षित आणि आपली घरी, असं आहे का?"

"तसं नाही."

"मग कसं आहे?"

मी खुरपं पिशवीत टाकलं आणि निघाले. मला उत्तर येत नव्हतं असं नाही. येत होतं, म्हणूनच निघाले.

बुधवारी काही मिळालं नाही. गुरुवारी वाफ्याची दुसरी बाजू उकरली, कुंड्या हलवल्या, फरशीची सैल झालेली एक लादी उचलून पाहिली. नखं काळी, गुडघे ओले, वर्गावर पोचायला वीस मिनिटं उशीर. विभागप्रमुखांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या सलवारीकडे. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, "सिमेंटवाला शनिवारी दुपारी मोकळा आहे." त्याखाली सहा अंगठे. संध्याकाळी टिल्लीनं मला मिठी मारली आणि नाक आक्रसलं, "आई, घाण." माझी मुलगी. मीच शिकवलंय.

शुक्रवारी माळीमामा आले. ते मंगळवार-शुक्रवार येतात, पण या मंगळवारी आलेच नव्हते. सत्तरीचे असतील. वाफ्याकडे पाहून त्यांनी डोक्याला हात लावला.

"हे कोणी केलं? डुक्कर शिरलं होतं का?"

"मी केलं, मामा."

"तुम्ही? शिकलेल्या ना तुम्ही?"

मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला. "हां. हे होय. हे तर इथलंच आहे. कर्दळ विरळ करताना दर वर्षी एखादं दिसतं. मी परत माती ओढतो. ते बिचारं कोणाच्या अध्यात ना मध्यात."

"तुम्ही पाहिलंय? जिवंत? मग कोणाला सांगितलं का नाहीत?"

"कोणी विचारलं का?" ते खाली बसले. "पण बाई, हे वर कसं आलं? भर दुपारी, फरशीवर? वीस वर्षांत मी याला उन्हात पाहिलं नाही. ते वर आलं म्हणजे खाली काहीतरी बिनसलंय."

जुळ्यांच्या आईनं मंगळवारी नेमकं हेच विचारलं होतं.

माळीमामांनी मातीची चिमूट उचलून नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं. "ही माती आहे का औषधाचं दुकान?" मग ते पाइपाच्या तोंडाशी गेले. तिथे शोषखड्डा आहे. त्याच्यावरचं फरशीचं झाकण त्यांनी खुरप्यानं उचकटून बाजूला केलं.

खड्ड्यातलं पाणी दुधासारखं पांढरं होतं. जंतुनाशक पाण्यात पडलं की होतं तसं. वास तर असा की डोळ्यांत पाणी यावं. आणि त्या पांढऱ्या पाण्याच्या कडेला, विटांच्या फटीशी, दोन काळपट दोऱ्या पडल्या होत्या. एक फुगलेली. दुसरी अजून चांगली होती.

दुसरी मी हातात घेतली. गार, गुळगुळीत. अंगभर वळी. खवला एकही नाही. डोळ्यांच्या जागी कातडीखाली दोन फिकट ठिपके. शेपूट जवळजवळ नाहीच, त्यामुळे तोंड कुठलं ते वळवून बघावं लागलं. देवगांडूळ. नि:संशय. मी बरोबर होते. पाच दिवस मी बरोबरच होते.

कातडीनं श्वास घेणारा प्राणी. सोमवारी तेच तिसऱ्यांदा सांगत होते. आणि सहा आठवडे, दिवसातून तीनदा, चौदा मुलांच्या हातांचं पाणी, प्रत्येक बादलीला एक झाकण. खाली जायला जागा होती ती खड्ड्याकडे, तिथे हे. वर यायला जागा होती ती फरशीकडे. माझ्या मुलीच्या चपलेपाशी.

"मामा, हे औषध मी आणलं होतं."

त्यांनी झाकण परत सरकवलं. "हात धुवा आता," एवढंच म्हणाले. मग थांबले. "नुसत्या पाण्यानं धुवा."

शनिवारी दहा वाजता आम्ही सगळे पालक मुलांच्या खुर्च्यांवर बसलो होतो. त्या खुर्च्या वीतभर उंचीच्या. प्रत्येकाचे गुडघे छातीशी. अशा खुर्चीत बसून कोणालाही कोणावर नीट ओरडता येत नाही, हा त्या सभेतला एकमेव फायदा. जॅमच्या धुतलेल्या बरणीत ओल्या कापसावर ते ठेवलेलं होतं. मी बरणी फिरवली.

"हे मेलेलं आहे," जुळ्यांची आई म्हणाली.

"हो."

"जिवंत दाखवणार होतात."

"नाही मिळालं. पण हेच आहे ते. ही वळी बघा, फोटोत पण आहेत. माझ्या सरांनी काल रात्री याचा फोटो बघून सांगितलंय. साप नाही."

"चावतं?" मागून एका वडिलांनी विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. "त्याला बारीक दात असतात. मुठीत धरून दाबलं तर चावेल. पण ते मातीबाहेर येतच नाही. माणसाला त्यापासून काही झाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही."

"येतच नाही, पण आलं," जुळ्यांची आई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. तिनं बरणी खाली ठेवली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "एक विचारू? तुमची टिल्ली बुधवारी-गुरुवारी का नव्हती? कालही नव्हती. माझी दोघं रोज येत होती. तुम्ही ग्रुपवर लिहिलंत, भीती नाही. माझ्या सासूबाई म्हणाल्या, घरी ठेव. मी म्हटलं, नाही, टिल्लीची आई शिकवते, तिला माहीत असेल."

खुर्च्या करकरल्या. ताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी खोकल्यासाठी रोज फोन करून विचारलं होतं. काढा कसा करायचा तेही सांगितलं होतं.

"खोकला नव्हता," मी म्हटलं. "मी घाबरले होते. फोटोवरून माझी खात्री नव्हती, पण मी खात्रीनं लिहून बसले होते."

मग मी उरलेलंही सांगून टाकलं. कॅन, झाकण, वाफा, पांढरं पाणी. "ते वर आलं माझ्यामुळे. औषध बंद केलं, साबणाचं पाणी गटारात सोडलं आणि नुसतं धुवणाचं पाणी वाफ्यात, तर ते खालीच राहील. वीस वर्षं राहिलं तसं. यात ताईंची काही चूक नाही. अंगणाची पण नाही."

"म्हणजे," एक आई हळूच म्हणाली, "सगळ्यात जास्त काळजी घेणाऱ्या बाईनं हे केलं."

दोन-तीन जण हसले. मीही हसायचा प्रयत्न केला. ताई हसल्या नाहीत. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "झाकण मी ओतत होते. नाकाला वास येत होता तरी ओतत होते. आता सांगा, कोणाला मुलं काढायची आहेत? सिमेंट मी घालणार नाही. चार घरं गेली तर सोमवारपासून दार बंद."

एका वडिलांनी हात वर केला. मग एका आईनं. सगळे जुळ्यांच्या आईकडे बघायला लागले. ती गेली असती तर आणखी तिघं जाणार होती, हे तिलाही कळत होतं. तिनं बरणी पुन्हा उचलली, उजेडाकडे धरली.

"माझी एक अट आहे," ती मला म्हणाली. "महिनाभर रोज सकाळी मुलं अंगणात सोडायच्या आधी तुमची मुलगी उतरेल. चपला काढून. वाफ्यापर्यंत जाईल. तुम्ही पायरीवर उभ्या राहाल. मग आमची उतरतील."

"ही कसली अट?" ताई म्हणाल्या. "पोरीचा काय दोष?"

"दोष नाही. त्यांना खात्री आहे ना?"

मी हो म्हटलं. म्हणताना दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

दोन घरं गेली. पाळणाघर राहिलं. सिमेंटवाल्याला कोणी काय कळवलं ते मला माहीत नाही.

सोमवारी पावणेनऊला टिल्ली पायरीवरून उतरली. अनवाणी. मागे कठड्याशी अकरा मुलं आणि जुळ्यांची आई. मी पायरीवर. टिल्लीनं मातीत पाऊल ठेवलं, बोटं आवळली, मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात माती म्हणजे काय हे तिला बाकी कोणापेक्षा जास्त माहीत आहे. मी मान हलवली. मान हलवायला किती जोर लागतो ते त्या दिवशी कळलं. ती पुढे गेली, वाफ्यापाशी उकिडवी बसली आणि दोन्ही तळवे ओल्या मातीवर थापले. मग पुन्हा थापले. मग इतर मुलं धावली.

आज एकोणिसावा दिवस. रोज पावणेनऊला उभी राहते, रोज वर्गावर उशिरा पोचते. विभागप्रमुखांनी लेखी खुलासा मागितलाय. त्यात काय लिहायचं ते सुचत नाही. जुळ्यांची आई रोज येते, माझ्या शेजारी उभी राहते, बोलत नाही. काल मात्र तिनं थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे केला.

मातीचा वास अजून पूर्ण गेलेला नाही. माळीमामा म्हणतात, दोन-तीन महिने तरी लागतील आणि खाली एखादं उरलं असेल तरच. उरलंय की नाही, खणल्याशिवाय कळणार नाही आणि खणायला मला बंदी आहे.

आज सकाळी टिल्ली वाफ्यातून ओरडली, "आई! काळी दोरी! आत गेली!"

मी चपलांसकट मातीत उतरले. धावले. कर्दळीची पानं बाजूला केली. ओली माती, एक गांडूळ, टिल्लीच्या तळव्यांचे ठसे.

"कुठे?"

"आत गेली ना."

"खरंच पाहिलंस? वळी होती अंगावर? बांगड्यांसारखी?"

टिल्लीनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चिखलात बुडलेल्या पायांकडे. "आई, घाण," ती म्हणाली आणि पुन्हा थापट्या मारायला लागली.